टपावरच्या स्की

अमेरिकेतल्या पार्सिपनीत हिवाळा आला की नाही, हे टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईच्या आधी गुरुनाथ सबनीसची गाडी सांगायची. नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की त्याच्या टोयोटाच्या टपावर दोन लांबलचक निळ्या स्की चढत. त्या उतरत थेट एप्रिलात, तेही मुलगी इला "बाबा, प्लीज! इट्स एप्रिल. पीपल आर लाफिंग," असं रडवेली होऊन म्हणाल्यावर. मधल्या काळात त्या स्की ऑफिसला जात, इंडियन ग्रोसरीत तूरडाळ आणायला जात, देवळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जात. बर्फावर तेवढ्या कधी गेल्या नाहीत.

गुरुनाथ मूळचा कोथरूडचा. इथे एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर तो स्कीइंगला गेला होता. पायांत स्की अडकवून उभा राहिला, आणि उभा राहिला म्हणेपर्यंत आडवा झाला. उरलेला दिवस त्यानं लॉजमध्ये शेकोटीजवळ हॉट चॉकलेट पीत काढला. पण माणूस चौकस. डोंगरावरून दमून आलेली मंडळी काय बोलतात ते त्यानं कान देऊन ऐकलं, आणि सोमवारी मित्राला, शशिकांतला, सांगितलं, "वर बर्फाची पावडर मस्त होती रे, पण दुपारनंतर खाली जरा आइसी झालं." यात खोटं काहीच नव्हतं. ते कुणी पाहिलं, एवढंच सांगायचं राहून गेलं.

इतक्या लहान बीवर एवढं मोठं झाड क्वचितच उगवलं असेल. शशिकांतनं बायकोला, उत्तराला, सांगितलं. उत्तरानं मंडळाच्या कोजागिरीला सगळ्यांना सांगितलं. आणि लोक गुरुनाथला विचारायला लागले की मुलांना कुठल्या वयात शिकवावं, बूट कसे घ्यावेत. विचारणाऱ्याला निराश करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं लायब्ररीतून पुस्तकं आणली. एका सहा फुटी शेजाऱ्यानं म्हातारपणी फ्लोरिडाला जाताना गराजबाहेर मांडलेल्या सामानातून त्याच्या निळ्या स्की आणि बूटही उचलले. बुटांत दोन जोड लोकरी मोजे घातले की पाय बसायचा.

मग दर फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला व्हरमाँटमधल्या स्टोनफर्ड नावाच्या गावी जायची प्रथा पडली. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं लाकडी घर भाड्यानं घ्यायचं आणि त्यात मावतील तेवढी मराठी कुटुंबं कोंबायची. पहिल्या सकाळी गुरुनाथ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना स्कीइंगचं सार सांगायचा: "गुडघे वाकवा. वजन पुढे घ्या. खाली बघू नका." मंडळी माना डोलवायची आणि डोंगराकडे निघायची. गुरुनाथ मागे राहायचा. एका वर्षी गुडघा दुखत होता. एका वर्षी "आजचा बर्फ माझ्या स्कींना योग्य नाही" होतं. पुढे पुढे कारण एकच ठरून गेलं, की एवढी माणसं भुकेली परत येणार, कुणीतरी त्यांच्या जेवणाचं बघायला हवं.

आणि इथे एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. गुरुनाथचं स्कीइंग म्हणजे बोलाचीच कढी असेल, पण त्याची कढी खरी होती. पिठलं तर असं की थंडीनं काकडलेला माणूस पहिल्या घासाला डोळे मिटायचा. फोडणी पडली की त्या घरातला स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून तो एका हातानं टॉवेलनं वारा घालत दुसऱ्या हातानं बेसन पेरायचा, आणि एक गुठळी होईल तर शपथ! पण या कौतुकाचं त्याला काडीइतकं मोल नव्हतं. पिठल्याची वाहवा झाली की तो विषय बदलून बर्फावर आणायचा. पार्सिपनीत डेटाबेस सांभाळणारे ढिगानं होते. पिठलं करणारेही निघाले असते. स्कीवाला गुरुनाथ मात्र एकच होता, आणि ते गेलं की आपल्यात उरतं काय, ही त्याची भीती होती.

खरं फक्त बायकोला ठाऊक आहे, असं तो धरून चालला होता. मीनाक्षी त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. तो स्वयंपाकघरात अडकलेला असताना ती दरवर्षी शिकवणी लावून स्कीइंग शिकली, आणि आता मध्यम अवघड उतारांवरून सफाईदार खाली यायची. हे ती घरी फारसं बोलून दाखवायची नाही. गुरुनाथ त्याला पतिनिष्ठा समजायचा.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत घोटाळा झाला तो अमितमुळे. अमित आणि सुलेखा हे नागपूरचं तरुण जोडपं नुकतंच प्लेनोहून बदलून आलं होतं. टेक्ससमध्ये राहून त्यानं बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. कोलोरॅडोत एकदा दोन दिवस स्कीइंग केलं, तेवढ्यावर तो वेडा झाला होता. गुरुनाथच्या टपावरच्या स्की पाहिल्यापासून तो त्याच्या मागे होता.

"दादा, पहिली रन तुमच्यासोबतच! मी बाकी कोणाचं ऐकत नाही."

"अरे, मला जेवणाचं बघायचंय."

"सुलेखाच्या पायाला लागलंय, ती घरीच आहे. ती भाजी चिरून ठेवते ना! एक रन, यार दादा. फक्त एक."

शशिकांत कधी नव्हे तो घाईघाईनं मध्ये पडला. "अमित, त्याला नको नेऊस रे. त्याचा गुडघा चांगला नाही." उत्तरानंही लगेच री ओढली. मित्र असावेत तर असे, असं गुरुनाथला वाटलं. पण अमितनं त्याला हरभऱ्याच्या झाडावर इतकं उंच चढवलं होतं की आता उतरायचं कसं ते कळेना. "दादा, टेक्निक तुम्ही ज्या पद्धतीनं समजावता ना, कोलोरॅडोतला इन्स्ट्रक्टरसुद्धा असं सांगत नव्हता!" यापुढे गुडघा दुखवत बसणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव पुसणं होतं. गुरुनाथनं निळ्या स्की खांद्यावर घेतल्या.

लिफ्टच्या पाळण्यात बसणं त्याला जमलं, कारण मागून पाळणा आला आणि त्यानं गुडघ्यांत मारून बसवलंच. वर जाताना अमित डोंगराचं सौंदर्य दाखवत होता. गुरुनाथचे डोळे मिटलेले होते आणि ओठांवर रामरक्षा होती. शिखराशी आल्यावर पाळणा चालू असतानाच उठून पुढे घसरायचं असतं. अमित उठला आणि सुर्रकन गेला. गुरुनाथनं समोरचा उतार पाहिला. जमीन थोडी पुढे होती आणि मग नव्हतीच. त्यानं पाळण्याचा दांडा दोन्ही हातांनी कवटाळला.

लिफ्ट थांबली. केबिनमधला पोरगेला माणूस बाहेर आला. गुरुनाथनं त्याला इंग्रजीत समजावलं की स्की पायाला धरून ठेवणारं बाइंडिंग सैल वाटतंय आणि सुरक्षेच्या दृष्टीनं खाली जाणंच योग्य. "हॅपन्स ऑल द टाइम, बडी," तो म्हणाला. त्यानं गुरुनाथच्या स्की सोडवल्या, त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि लिफ्ट चालू केली.

लिफ्टनं वर जाणाऱ्या माणसाकडे कोणी पाहत नाही. खाली येणाऱ्याकडे अख्खा डोंगर पाहतो. भर सकाळी वर जाणाऱ्या भरलेल्या पाळण्यांच्या रांगेसमोरून, मांडीवर पोर घ्यावं तशा निळ्या स्की घेऊन, गुरुनाथ सबनीस एकटा खाली चालला होता. अनोळखी लोक हात हलवत होते. मग समोरून शशिकांत आणि उत्तरा आले.

"बाइंडिंग सैल झालंय!" गुरुनाथ ओरडला.

"हो का? बरं, बरं!" शशिकांत ओरडला. त्याच्या आवाजात नवल नव्हतं, उलट हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. त्यामागच्या पाळण्यात मीनाक्षी होती. तिनं गॉगल वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

संपलं सगळं, असं गुरुनाथला वाटलं. खाली उतरल्यावर गाडीत बसून एकट्यानंच पार्सिपनीला निघून जावं, असाही विचार आला. पण किल्ली मीनाक्षीकडे होती. मग दुसरं काही सुचेना म्हणून तो घरी गेला आणि त्यानं बेसन चाळायला घेतलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. कोणी लिफ्टचा विषय काढला नाही. ताटातलं पिठलं संपत होतं, वाढलं जात होतं. ही शांतता गुरुनाथला सोसेना. त्यानं स्वतःच सुरुवात केली, "त्या बाइंडिंगचं काय झालं, की जुन्या मॉडेलमध्ये..."

"पण दादा," अमित भाबडेपणानं म्हणाला, "तुम्ही तर उतरलाच नाही. दांडा धरून बसले होते ना!"

सगळ्यांनी ताटात पाहिलं. शेवटी उत्तरानंच पाण्याचा पेला खाली ठेवला. "अमित, जाऊ दे ना आता. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?" गुरुनाथनं विचारलं.

"अरे, तुला येत नाही ते," शशिकांत म्हणाला. "दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तुझे बूट दोन साइझ मोठे आहेत. त्यात कोण स्की करणार?"

"मग बोलला का नाहीत?"

शशिकांतनं उत्तरासाठी उत्तराकडे पाहिलं आणि ते न मिळाल्यानं खरं बोलून टाकलं. "तू स्की करायला लागला असतास, तर पिठलं कोणी केलं असतं?"

गुरुनाथनं बायकोकडे पाहिलं. निदान तिथे तरी काही आधार असेल, असं वाटलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मीनाक्षी म्हणाली. "अहो, वर्षातून हे तीन दिवस माझ्या हातात झारा नसतो. उठायचं, डोंगरावर जायचं, आयतं गरम जेवायचं. ते मी स्वतःहून कशाला घालवू? झाकली मूठ तुमची होती, पण तीन दिवस माझे होते."

गुरुनाथनं ताट बाजूला सारलं. त्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या नावासाठी त्यानं गुडघे दुखवले, बर्फाला नावं ठेवली, ते नाव कोणी खरं मानलंच नव्हतं. ही माणसं जिन्याशी उभी राहून माना डोलवायची ती जेवणाचं बिल चुकतं केल्यासारखी. आणि त्याहून लागलं ते हे, की एकालाही वाटलं नाही, चल गुरुनाथ, तुला शिकवतो. त्यानं आपलं ताट धुतलं आणि झोपायला गेला.

सकाळी मंडळी उठली तेव्हा शेगडी थंड होती आणि गुरुनाथ नव्हता. निळ्या स्की भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या.

घरासमोरच लहान मुलांचा उतार होता. खरं तर उतार म्हणायचा तो मान राखायला, नाहीतर आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलची रॅम्प याहून तिरकी असते. तिथे भाड्याच्या, त्याच्या मापाच्या बुटांत, आखूड स्कींवर, छातीवर शिकाऊंची खूण म्हणून नारिंगी बिब बांधून गुरुनाथ सबनीस सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा होता. तो पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. एक दात पडलेली मुलगी त्याला दर वेळी "गुड ट्राय!" म्हणत होती, आणि इतक्या वर्षांत स्कीइंगबद्दल त्याला मिळालेलं हे पहिलं खरं कौतुक होतं.

दुपारच्या सुमाराला घरातला स्मोक अलार्म बोंबलला. थांबला. पुन्हा बोंबलला. थोड्या वेळानं दार उघडून शशिकांत बाहेर आला. अंगात थर्मल, वर उत्तराचा एप्रन, कोपरापर्यंत बेसन. बर्फ तुडवत तो उताराच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे दारात काही भुकेली तोंडं दिसत होती. मीनाक्षी तेवढी त्यांत नव्हती. ती सकाळीच डोंगरावर गेली होती.

"गुरुनाथ!" तो ओरडला. "अरे, नुसत्या गुठळ्या झाल्यात! काय करू?"

गुरुनाथ उताराच्या टोकावर पोचला होता. आता त्याचा नंबर होता. त्यानं शशिकांतकडे पाहिलं, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून सांगायचा त्याच आवाजात म्हणाला,

"गुडघे वाकव. वजन पुढे घे. खाली बघू नकोस."

मग त्यानं स्वतःचे गुडघे वाकवले, वजन पुढे घेतलं, आणि घसरला. सबंध उतारभर तो उभा होता. तळाशी पोचल्यावर थांबायचं कसं हे पुस्तकातलं पान आठवेना, म्हणून तो कुंपणावर जाऊन आदळला, नेमका शशिकांतच्या पुढ्यात.

"लागलं का रे?" शशिकांतनं बेसनाचा हात पुढे केला.

गुरुनाथनं तो हात धरला नाही. तो स्वतःचा स्वतः उठला, बर्फ झटकला आणि पुन्हा मुलांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.