साध्या बंदुकीवरची उंची जाळी

हेम्मा ओग्रिसकडे बंदूक पारखून घ्यायला जाणाऱ्याला आधी दारात ऐकून घ्यावं लागे की पायपुसणं तिथं शोभेला टाकलेलं नाही. मग स्वयंपाकघरात बसायला मिळे. बंदूक हातात आली की हेम्मा चष्मा काढून बाजूला ठेवी. नवख्या माणसाला नवल वाटे, पण तिचंही बरोबरच होतं. मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले होते, आणि तसंही, बंदुकीची प्रत डोळ्यांनी ओळखणारा माणूस हमखास फसतो असं तिचं ठाम मत होतं. पॉलिश डोळ्यांना बनवतं. बोटांना नाही बनवता येत.

फर्लाख गावातल्या बंदुकांच्या कारखान्यातून, आता तो बंद पडलाय, एकाच घडणीच्या बोल्टच्या, म्हणजे खिट्टी ओढून गोळी भरायच्या, बंदुका तीन प्रतींत निघत. साधी, मधली आणि उंची. लोखंडावर प्रत कुठंच कोरलेली नसे. बोल्ट ओढला की तिन्हींचा आवाज एकच, आणि हरणाला विचाराल तर गोळीही एकच. फरक सगळा लाकडी दस्त्यात. साध्या प्रतीचं अक्रोड सरळ रेघांचं, उंचीचं बुंध्याजवळचं, लाटालाटांचं. आणि मुठीशी हात घसरू नये म्हणून कोरलेली जाळी. शंकरपाळ्याच्या आकाराचे, तिळाहून बारीक दाणे. साध्या प्रतीला सेंटीमीटरभर जागेत सात रेघा, मधलीला नऊ, उंचीला अकरा. हेम्मा नख फिरवून मोजी. मोजेल नाही तर काय, एक्केचाळीस वर्षं तिनंच त्या कोरल्या होत्या.

जीभ मात्र पहिल्यापासून कानशीसारखी. एका दाताच्या डॉक्टरनं मोठ्या तोऱ्यात आणलेली बंदूक हातात घेऊन ती म्हणाली होती, "मधली आहे. आणि तीही सोमवारी सकाळी, सुट्टीच्या आळसात केलेली." लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी रोस्विथा लाउसेगर आली. हिचा नवरा व्हालेंटिन, जंगलखात्यातला लाकूडतोड्या, वसंतात गेला होता. पाय तिनं न सांगता पुसले. एका हातात घरचा दालचिनीचा केक, दुसऱ्या हातात घोंगडीत गुंडाळलेलं लांबट गाठोडं. ते गाठोडं हेम्मानं पाहिलं. ती केकच्या ताटलीबद्दलच काहीबाही बोलत राहिली.

रोस्विथानं सगळं सांगितलं. शिकारी मंडळाची रीत अशी की शिकाऱ्यांचा संत मानलेल्या सेंट हुबर्टच्या दिवशी, तीन नोव्हेंबरला, त्या वर्षी गेलेल्या सभासदाची बंदूक मंडळाच्या दिवाणखान्यात टांगायची. व्हालेंटिनची दाखवायला घेऊन ती आधीच गेली. अध्यक्ष एगोन कुटनिग यांनी बंदूक उलटसुलट केली आणि चार माणसांदेखत म्हणाले, लाकूड साध्या प्रतीचं, जाळी उंची प्रतीची. हे कारखान्यातून असं निघणं शक्य नाही. व्हालेंटिननं मागाहून कुणाकडून तरी कोरून घेतली असणार, उंची म्हणून मिरवायला. अशी खोटी बंदूक भिंतीवर नको.

"तो खोटं बोलला नाही हो कधी," रोस्विथा म्हणाली. "साध्या प्रतीची आहे असंच सांगायचा सगळ्यांना. आता त्याचे मित्र माझ्याशी बोलताना खाली बघतात. तुम्ही सांगा, ओग्रिसबाई. त्यानं केलंय का हे? केलं असेल तर मी घरी नेऊन ठेवते. पण मला कळू दे."

हेम्मानं चष्मा काढला नाही. घोंगडीला हातही लावला नाही. गरजच नव्हती.

एकोणीसशे अडुसष्टचा मार्च. ती बावीस वर्षांची होती. व्हालेंटिन कारखान्यात आला, त्यानं मुकादमाला तिन्ही प्रतींतला फरक दाखवायला सांगितलं. उंची बंदुकीच्या जाळीवर त्यानं अंगठा फिरवला, सावकाश, झोपलेल्या मांजराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग खाली ठेवली आणि हसून म्हणाला, साधी द्या, नेम तर तोच आहे ना. जाताना हेम्माच्या बाकाखाली पडलेली कानस उचलून तिच्या हातात दिली. बस, एवढंच. एवढ्यावर माणूस आयुष्य काढतो का? हेम्मानं काढलं.

त्याचा दस्ता तिच्याच बाकावर आला. सात रेघांच्या जागी तिनं अकरा कोरल्या, जेवणाच्या सुट्टीत, तीन आठवडे. मुकादमानं तपासताना नख फिरवलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बंदूक कागदात गुंडाळली. भला माणूस. व्हालेंटिन बंदूक न्यायला आला तेव्हा त्याच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या रोस्विथाची.

आता बोललं तर हेम्मानं एकावन्न वर्षं जपलेलं सगळं उघड्यावर येणार, आणि तेही कुणासमोर, तर त्याच्या बायकोसमोर. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि न बोललं तर व्हालेंटिन लबाड ठरणार. तिनं केकचा एक तुकडा कापला आणि तो तसाच राहू दिला.

"जाळी मी कोरली," ती म्हणाली. "तेव्हाच, कारखान्यात. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तर माहीतही नव्हतं."

रोस्विथानं गाठोड्यावर हात ठेवला.

"खात्री करून घ्या. उजव्या बाजूच्या जाळीत, अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथं अंगठ्याचं मूळ टेकतं, तिथं चार दाणे कापलेले नाहीत. आम्हां बायकांना सही करू देत नसत. म्हणून मी प्रत्येक कामात तेवढी जागा सपाट सोडायचे. कुटनिगसाहेबांच्या भिंतीवर माझ्या हातच्या सात बंदुका आहेत. बोट लावून बघा म्हणावं सगळ्यांवर. मी लिहूनही देते."

तिनं कागद ओढला आणि डोळे बारीक करून मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहून दिलं: साधी प्रत, जाळी माझी, स्वखुशीनं, १९६८. स्वखुशीनं या शब्दाशी पेन जरा थांबलं होतं. तिथं शाईचा ठिपका पडला.

रोस्विथानं कागद वाचला. तो शब्द तिनं दोनदा वाचला असावा. मग तिनं घोंगडी सोडली, बंदूक मांडीवर घेतली आणि अंगठा नेमका त्या कोपऱ्यात ठेवला. शोधावं लागलं नाही तिला. हेम्माला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि गेली तर तिचं काही चुकलं नाही.

"ही जागा मला ठाऊक आहे," रोस्विथा म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी त्यानं माझा अंगठा धरून दाखवली होती. शेवटी शेवटी तर खुर्चीत बसल्या बसल्या बंदूक मागायचा आणि इथंच चाचपत राहायचा. म्हणायचा, कोण होता बिचारा, एवढं सुंदर केलं आणि चार दाणे राहून गेले. जन्मभर खात असेल त्याला ते. भेटला असता तर सांगितलं असतं, बाबा रे, मला काही कमी पडलं नाही."

हेम्मानं चष्मा काढला. तिला रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही. रोस्विथानं खुर्ची जवळ ओढली आणि बंदूक तिच्या मांडीवर ठेवली.

"भेटली," ती म्हणाली. "म्हणून सांगितलं."