अक्काला दिलेली कोरी कॉफी

मशीन घरात आलं तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. "निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात. तुम्ही स्वैपाकघरात बॉयलर आणलाय," ती म्हणाली. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी जन्म काढला. पुण्याला मुलाकडे गेलो असताना त्याने एका कॉफीच्या दुकानात नेलं. तिथल्या चिमुकल्या कपातला पहिलाच घोट घेतला आणि मी हबकलो. आजवर कॉफी म्हणून आपण जे पीत आलो ते नेमकं काय होतं, हेच कळेना. परत आल्यावर तीच कॉफी घरी करायच्या जिद्दीने, ऑनलाइन मिळतात त्यातलं स्वस्तातलं मशीन मागवलं.

पहिल्याच दिवशी त्याने इंगा दाखवला. बाजारातून फिल्टर कॉफीची पूड आणली होती. पाकिटावर बारीक अक्षरात चिकोरी, म्हणजे एका मुळाची भुकटी, मिसळल्याचं लिहिलं होतं, ते मी वाचलंच नाही. बाटल्यांवरची लेबलं वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याने! चिकोरी आत फुगली, तिचा चिखल झाला, मशीन घरघरलं, थरथरलं आणि एक थेंबही खाली पडेना. पूड भरायचा दांडा मी घाईने काढायला गेलो तर आतला दाब एकदम सुटला आणि काळा चोथा छतापर्यंत उडाला. बायको धावत आली. मी चष्म्यावर कॉफी घेऊन उभा. तिने छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिडी आणून माझ्यापुढे ठेवली.

पण हट्टाला पेटलो. भाजलेल्या बिया मागवल्या, हातचक्की घेतली, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला, आणि प्रयोगवहीत लिहितात तसं रोजचं लिहायला लागलो. जाड दळलं की पाणी सरसर निघून जायचं आणि कॉफी आंबट लागायची. फार बारीक दळलं की थेंबथेंब गळायची आणि कडू जहर व्हायची. मशीन तापल्यावर एकदा नुसतं गरम पाणी सोडून दांडा आणि कप तापवून घ्यावे लागतात, हे आठवड्याने उमगलं. सोळा ग्रॅम पूड, ती सपाट दाबलेली, आणि पंचवीस-तीस सेकंदांत तिच्या दुप्पट वजनाची कॉफी. एका सकाळी काकवीसारखी दाट धार उतरली, वर तांबूस फेस आला, आणि मी चाखून पाहिलं तर पुण्याचीच चव! मी अक्षरशः खुर्चीत बसलो. म्हशीच्या दुधावरची साय गाळून, ते गार असतानाच वाफेच्या नळीखाली धरलं की मऊ फेस येतो, हेही जमलं. मग "थोडीच द्या हं" म्हणत बायको रोज मोठा मग पुढे करायला लागली.

मशीन चांगलं चाललं होतं, आणि मला ते एकाच माणसाला दाखवायचं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, रावेरला दिलेली. वडील गेले, त्यांच्या तिसऱ्या दिवसानंतर दोन वर्षं तिने आमच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं. ती पोचायच्या आत आम्ही त्यांना उचललं, याचा तिला राग आहे असं सगळे नातेवाईक म्हणत, आणि मीही तसंच धरून चाललो होतो. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागरही भरतात. मागच्या अखाजीला अक्का आली नाही. या वेळी बायकोने मला न विचारता तिला फोन केला आणि ती चक्क "येते" म्हणाली. मी घाबरलो. काय बोलायचं ते सुचेना. मग ठरवलं, आपल्या हातची कॉफी द्यायची, म्हणजे ती हसेल आणि बाकीचं आपोआप होईल.

अक्का आली. वडिलांच्या घागरीला हात जोडले, डोळे पुसले आणि स्वैपाकघरात येऊन बसली. बायको पुरण वाटत होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, त्यांना दुधाचीच द्या." मी ऐकतो कसला! दूध घालून कुणीही देईल. बहिणीला अस्सल ते द्यायचं, पाण्याशिवाय कसलीही भेसळ नसलेलं. ताज्या बिया दळल्या, वजन केलं, कप तापवला. धार अशी उतरली की जणू मशीनलाही कळलं होतं कोण आलंय. कप तिच्यापुढे ठेवला.

"हाई काय शे भाऊ?"

"पी तर खरं अक्का," मी फुशारकीने म्हणालो. "एकदम कोरी शे."

तिचा हात कपाशी गेला आणि तिथेच थांबला. बायकोचा पुरणातला हातही थांबला. माझी जीभ काय बोलून गेली ते मला त्या दोघींच्या तोंडांकडे बघून कळलं. आमच्यात मयताच्या घरी लोक दारावर बसायला येतात. त्या दिवसांत त्या घरात चहात दूध पडत नाही. आल्यागेल्याला कोरा चहाच देतात.

अक्का हळूच म्हणाली, "या घरमा दारवर बशीसन कोरा चहा पिधा व्हता मी. आते परत कोरी?"

वडिलांच्या तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसून तेवढा चहा प्यायली आणि रावेरला निघून गेली होती. तेराव्यालाही आली नव्हती. मी घाईघाईने सांगायला लागलो की ही पद्धतच अशी असते, मोठमोठ्या शहरांत अशीच पितात, दुधाची आत्ता करून देतो. तिने हात वर करून मला गप्प केलं.

"एक इचारू? त्या दिनले मी आवाज दिधा व्हता. तुले आयकू उना व्हता का?"

वडिलांना नेलं त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, आणि वडीलधाऱ्यांनी आता अक्कासाठी थांबायचं नाही म्हणून सांगितलं. विस्तवाचं मडकं माझ्या हातात होतं, मी सगळ्यांच्या पुढे. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तोच मागून "भाऊ, थांब!" अशी हाक आली. अक्काचा आवाज मी हजार माणसांत ओळखीन. पण मडकं धरणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं, थांबायचं नसतं. मी चालत राहिलो. नंतर ज्याने विचारलं त्याला सांगितलं, गलक्यात काही कळलंच नाही. बायकोलाही तेच सांगितलं. आणि आत्ताही तेच उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. पण अक्का माझ्याकडे बघत होती, तेव्हा ते काही बाहेर पडेना.

"हां," मी म्हणालो. "आयकू उना व्हता."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला सोसवेना. आता अक्का उठणार, पिशवी उचलणार, जेवणही न करता निघणार असं मला वाटलं.

अक्का बसूनच होती. "माले ठाव शे," ती म्हणाली. "तुना पाय आडकना व्हता. मी दखं."

हाक ऐकून माझं पाऊल क्षणभर अडखळलं होतं, ते तिने मागून पाहिलं होतं. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग दोन वर्षं राग कसला, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"राग कसाना? तू सांगशी म्हनीसन वाट दखी."

पदराने तोंड पुसून ती बायकोला पुरण वाटायला हातभार लावायला उठली. मी तिथेच उभा राहिलो. ती येत नाही, ती येत नाही, असं दोन वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. धुळ्याहून रावेरला एसटीने जायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, आणि मी एकदाही गेलो नव्हतो.