येते हं, काकू

कौमुदीकाकू इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या हॉलमध्ये दर शनिवारी मोफत जेवण वाढतात. मी त्यांच्या हाताखाली असते. मध्यंतरी सरकारी ग्रँट मिळाली आणि तिच्यासोबत अट आली: जेवण फक्त कायम राहायचा परवाना मिळालेल्या पीआरवाल्यांना आणि सिटिझनना. म्हणजे ज्यांचं इथे बस्तान बसलंय, ते गाडीतून उतरून दुसऱ्यांदा भात मागणार. आणि स्टुडंट व्हिसावरची पोरं, जी तेव्हा एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती, ती उपाशी. कसली डोंबलाची अट!

दारात व्हिसा विचारायचं काम काकूंवरच आलं. पहिल्याच शनिवारी ओवी आली. नांदेडची पोरगी, युनिव्हर्सिटीतून थेट आलेली. काकूंनी मान खाली घालून विचारलं. ओवीने वरणाच्या पातेल्याकडे एकदा बघितलं आणि हसून म्हणाली, "असू दे. येते हं, काकू."

आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणायचं आणि जायचं. ओवी पुन्हा आलीच नाही. फोन बंद, खोली रिकामी. कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हापासून हॉलचं दार वाजलं की काकूंच्या हातातला डाव थांबतो. बहुतेक वेळा वाराच असतो. तरी त्या एक ताट वाढून झाकून ठेवतात.

परवा ग्रँटची ऑफिसर तपासणीला आली. झाकलेल्या ताटाकडे बोट दाखवून तिने विचारलं, हे कुणाचं?

काकू दाराकडेच बघत होत्या.

"शी सेड," त्या म्हणाल्या, "शी इज कमिंग."