मागच्या सीटखालची टाकी

बायकोचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आमी पाथरीहून परभणीला एसटीनं जायचो. जाताना निभायचं. येताना मात्र तिला उभं राहायचं त्राण नसायचं, आणि संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळेलच असं नसायचं. म्हणून माझ्या दुकानामागं पडून असलेली आमची जुनी पेट्रोल कार बाहेर काढायची ठरवली. तिचं इंजिन जाम झालं होतं.

माझ्या मेव्हण्याचं पाथरीतच गॅरेज. तो म्हणाला, "दाजी, हे इंजिन आता उठत न्हाई. याच कंपनीची एक डिझेल गाडी भंगारात आलीय, तिचं इंजिन चांगलं हाय. ते बसवू. अक्कासाठी करायलोय, बिनघोर राहा."

परवानगीच्या कागदांसाठी हेलपाटे झाले, मग काम सुरू झालं. इंजिन बसवणं सोपं गेलं, अडचण टाकीची आली. पेट्रोलच्या टाकीत आतच विजेवर चालणारी मोटर असते, ती पेट्रोल पुढं ढकलते. डिझेल इंजिन आपलं आपण ओढून घेतं आणि उरलेलं परत टाकीत पाठवतं. मेव्हण्यानं टाकी उतरवली, धुतली, आतली मोटर काढून साधी नळी बसवली. टाकीत किती उरलं ते दाखवणाऱ्या काट्याचा तरंगता गोळा तेवढा ठेवला. पेट्रोल पुढं नेणारी जुनी नळी डिझेलला दिली, परतीसाठी दुसरी वापरली. एक तिसरी नळी उरली, पेट्रोलची वाफ पुढच्या डब्यात नेणारी. डिझेलला तो डबा लागत नव्हता म्हणून तो काढला आणि त्या नळीच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळली.

गाडी चालू झाली तेव्हा त्यानं बोनेटवर विभूती लावली. बायकोनं मागच्या सीटवर आडवं होऊन बघितलं आणि म्हणाली, "झोपायला येतंय."

दोन खेपा बऱ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला वाटेत मानवतच्या अलीकडं गाडीचा दम गेला आणि ती बंद पडली. मी उतरून फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिलो. तो दाबला की आतच राहायचा, वर येईना, आणि डिझेलही येत नव्हतं. बऱ्याच वेळानं चावी फिरवली तर गाडी आपसूक चालू झाली. मग हे नेहमीचंच झालं. दवाखान्यात पोचायला उशीर व्हायचा, तिथली सिस्टर म्हणायची, "काका, तुमच्यामुळं पुढच्यांचा नंबर लांबतो." खरंच होतं. मी मान खाली घालायचो. दुपारभर तिथं बसायचं आणि परतताना पुन्हा रस्त्याच्या कडेला पंप दाबायचा. दुकानाचं शटर कधी उघडलं, कधी नाही. गिऱ्हाईकं दुसरीकडं जायला लागली आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं.

मेव्हण्यानं फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, सगळ्या क्लिपा पुन्हा आवळल्या. गॅरेजसमोर गाडी नुसती चालू ठेवली की काहीच व्हायचं नाही. तोही थकला. एकदा पाना खाली ठेवून म्हणाला, "दाजी, डोकं चालेना माझं."

अशीच एकदा जाताना गाडी बंद पडली. ऊन होतं. मी उतरायलासुद्धा उठलो नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. मागून तिचा आवाज आला.

"अहो, ऐकलं का? गाडी बंद पडायच्या आधी खाली पत्रा वाजतो."

"कुठला पत्रा?"

"माझ्या पाठीखाली. डब्याचं झाकण आत दाबल्यावर वाजतं ना, तसा. दर वेळी वाजतो. मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल."

सीटखाली टाकीच होती. मी उतरलो, टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली आणि खालून टण्ण आवाज आला.

"आता उलटा वाजला," ती आतून म्हणाली.

झाकण सैल ठेवून फडकं बांधलं. गाडी लगेच चालू झाली आणि परभणीपर्यंत एकदाही थांबली नाही. तिथून मेव्हण्याला फोन केला. पत्र्याचं आणि झाकणाचं सांगितलं. तो म्हणाला, "तिसरी नळी. टाकीत हवा तिच्यातूनच यायची, तिलाच मी बोल्ट घातला. टाकीला श्वासच ठेवला न्हाई मी. डिझेल जायलंय, त्याच्या जागी हवा आत यायला वाटच न्हाई. गॅरेजसमोर उभ्या गाडीला डिझेल लागतंच किती, म्हणून तिथं कळलं न्हाई. अक्काला काई सांगू नका, मीच येतो घरी सांगायला."

दुसऱ्या दिवशी त्यानं बोल्ट काढला, नळी वर उंच नेऊन तोंडाला छोटी जाळी बसवली. टाकीचा पत्रा एका बाजूनं आत गेला होता, तो तसाच राहू दिला. बायको म्हणाली, "तुला कळलं असतं रे, पण तू कधी मागं झोपलाच न्हाईस." तो हसला, पण डोळे पुसत हसला.

पुढच्या खेपेला पहिल्यांदाच आमी वेळेआधी पोचलो, तर मशीन रिकामं नव्हतं. आधीचा पेशंट अजून आत होता. बाहेरच्या बाकावर बसलो. तिच्याशी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि तिथंच माझा डोळा लागला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं दंडाला धरून हलवलं. "उठा," म्हणाली, "नंबर आला. आणि मी आत गेल्यावर गाडीत जाऊन नीट झोपा. मागची सीट चांगली हाय."

मी तिची पिशवी उचलली आणि तिच्यामागं आत गेलो.