मुलांचा तास कधी, सर?

एका नोकरीत वीस वर्षं काढली की चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ धरावं तसे अंगावर किस्से धरतात. माझे बहुतेक फजितीचे.

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत मुलींच्या ऑनलाइन सुरक्षेचं काम माझ्याकडे आलं. पात्रता एकच. प्रोजेक्टर मला लावता यायचा!

*

पहिल्याच दिवशी मुलींना वेगळं बसवून तासभर बजावलं. फोटो टाकू नका, अनोळखी माणसाला उत्तर देऊ नका.

दहावीतली तन्वी उठली. "सर, मुलांचा तास कधी?"

"मुलांना आज पी.टी. आहे," मी म्हणालो.

मुली खो खो हसल्या. मला वाटलं, तास रंगला!

*

एका मुलीला कुणी 'रोहन' घाण मेसेज पाठवायचा. "मी पकडतो त्याला!" म्हणत मी मुलीच्या नावाने अकाउंट काढलं. फोटोत कमळ.

रोहन राहिला बाजूला, तासाभरात तिघांचं "हाय डिअर" आलं. एकाने फोटो मागितला. नाही म्हटल्यावर अशी शिवी हाणली की मी फोन पालथा घातला. पन्नाशीचा बाप्या मी, फोन पुन्हा सुलटा करवेना!

दुसऱ्या दिवशी मुलींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिलाच दिवस ना, सर? होईल सवय."

*

रोहनचे मेसेज येणाऱ्या त्या मुलीचे वडील लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतून रजा टाकून आले. "मोबाइलच काढून घेतला तिचा. विषय संपला!"

मी जोरात मान डोलावली.

मुलगी म्हणाली, "बाबा, त्याच्याकडे आहे ना अजून!"

*

तन्वी कबड्डी खेळायची. तिचा मैदानावरचा फोटो घाणेरड्या ओळी लिहून मुलांनी गावभर फिरवला. आठ दिवस ती शाळेत आली नाही. आली ती थेट पालकसभेत, स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन. उभी राहिली आणि कोणी काय लिहिलं ते नावानिशी वाचलं. मध्ये कुठे थांबली नाही.

एक आई उसळली, "आमचा नाय ओ असा! घरात तोंडातून शब्द फुटत नाय त्याच्या."

"म्हणून तर टाइप करतो, काकू!" तन्वी म्हणाली.

त्याच संध्याकाळी तीन घरची माणसं मुलांना घेऊन तिच्या दारात माफी मागायला आली.

त्याआधी, सभा सुटताच मी तिला शाब्बास म्हणालो. तिने घडी घातलेला एक कागद माझ्या हातात ठेवला.

"एवढा नाय वाचला मी, सर."

आमच्या गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तोच फोटो, त्याच ओळी. खाली हसरे चेहरे टाकणाऱ्यांची नावं.

तिसरं माझं.