दाढीवाल्याला मी अंगणातून घालवलं

नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं ते भाद्रपदात. नाल्यात बैलगाडी उलटली आणि तो खाली सापडला. नागभीडपर्यंत गाडीत, तिथून छोट्या रेल्वेने नागपूरला, आणि नागपूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी पायाला वजन बांधून त्याला जो टांगून ठेवला तो पौषापर्यंत. घरी राहिले मी आणि चार माग.

आमचा जिल्हा तेव्हा चांदा, आणि तो मध्य प्रदेशात. आमच्या घरी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं जायचं. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर ढिवर मंडळी कोशाचे किडे वाढवायची, तयार झालेले कोसे आम्ही घ्यायचो, गावातल्या बाया त्याचं सूत काढायच्या आणि आमचे चार विणकर ते विणायचे. कोठीत दिवाळीपर्यंत पुरेल इतकाच कोसा होता. नवा माल आला नाही तर माग बंद. आणि माग बंद झाला की विणकर बायकापोरं घेऊन नागपूरच्या गिरण्यांत जातो. एकदा गेलेला परत येत नाही, हे मी लग्नानंतरच्या चार वर्षांत पाहिलं होतं.

मी वर्ध्याकडची, मास्तरांची मुलगी. ताठ बसायचं, नखं कापलेली हवीत, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचं, हे वडिलांनी आम्हा भावंडांना छडीच्या धाकाने शिकवलेलं. जो डोळ्यांत पाहत नाही त्याच्या मनात काहीतरी असतं, असं ते म्हणत. खरेदीचं काम आजवर नवराच करी. मी कोशाचं सूत ओळखायला शिकले होते. माणसं कशी ओळखायची ते मला येतं अशी माझी समजूत होती.

आश्विनात एक दलाल आला. सायकल भिंतीला नीट टेकवून, पायातल्या वहाणा बाहेर काढून ओटीवर आला. इस्त्रीचा कोट, काळी टोपी, खिशाला पेन. सतरंजीवर ताठ बसला, पाणी प्याला, भांडं पालथं घालून बाजूला ठेवलं. "वहिनी, मालकांचं कळलं. फार वाईट झालं. तुम्ही कोशाची काळजी सोडा," म्हणाला. सरळ माझ्याकडे पाहून, स्वच्छ मराठीत. त्याने दाखवलेले दहा-बारा कोसे टणक होते, हलवले की आतला किडा खुळखुळत होता. मी त्याला होकार दिला आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

त्यानंतर आठवड्याने दाढीवाला आला.

दुपारची वेळ. अंगणाच्या पार टोकाला, सावली सोडून भर उन्हात एक माणूस उभा. केस खांद्यापर्यंत, त्यांच्या जटा झालेल्या. दाढी छातीवर. नखं वाढलेली, धोतर मातीच्या रंगाचं. मी ओटीच्या पायऱ्या उतरले तसा तो चार पावलं मागे सरला.

"कोण पाहिजे?"

"मालक नाईत?" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"नाहीत. काय काम आहे ते मला सांगा."

"मालकाशीच बोलतो."

"पाणी घेता का?"

"नाई."

मी एक पाऊल पुढे टाकलं, तो आणखी मागे. दोन्ही हात पाठीशी. एकदाही मान वर केली नाही, पण डोळे घरभर फिरत होते. ओटी, कोठीचं दार, गोठा. मी मनात हिशेब मांडला: एक तर हा पिऊन आलाय, नाहीतर घरात पुरुष नाही हे पाहायला आलाय.

"इथं काही काम नाही. जा तुम्ही."

तो उभाच राहिला. मग मी गड्याला मोठ्याने हाक मारली. गडी शेतावर होता हे मला माहीत होतं. त्या माणसाला माहीत नव्हतं. तो निघून गेला.

दिवाळीच्या तोंडावर दलालाची पोती आली. वरचा थर चांगला. खाली हात घातला तर अर्ध्याअधिक कोशांना भोक. आतला किडा पाखरू होऊन भोक पाडून उडून गेला की तो कोसा वाया गेल्यासारखाच. त्यातून अखंड धागा निघत नाही. मी दलालाला बोलावून पोतं त्याच्यासमोर उलटं केलं. त्याचा चेहरा खरोखर उतरला. तो मुळात बिडीच्या पानांचा दलाल, कोशात पहिल्यांदाच उतरला होता. त्याला कोशातलं माझ्याहून कमी कळत होतं. भोकं पाहून म्हणाला, "वहिनी, मला वाटलं ही हवा जायला असतात." त्याच्यावर ओरडायचं माझ्या तोंडावर आलं होतं, तिथंच विरलं. कोट पाहून भुलले होते मी. त्यात कोटाचा काय दोष?

आमच्या विणकरांतले सगळ्यांत वडील, साठीचे, भाऊ म्हणायचे सगळे त्यांना. ते भोकं पडलेला एकेक कोसा उचलून टाकत होते. सहज विचारलं, "यंदा दाढीवाल्या ढिवराचा माल नाई आला वाटते?"

मी सांगितलं, दाढीवाला आला होता, घालवला.

भाऊ कोसा हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिले. "घालवला? काऊन वो बाई?"

"अवतार पाहिला असतात तर तुम्हीही घालवला असता. नजर वर करेना, पाणी घेईना, मी पुढे गेले की मागे पळे."

"अवो, त्याचं पाळणं चालू होतं!" भाऊंनी कपाळावर हात मारला. "किडे झाडावर सोडले का कोसा निघेपर्यंत ढिवर दाढी करत नाई, तेल लावत नाई, खाटेवर निजत नाई. परघरचं पाणी नाई. बाईची सावली अंगावर पडू देत नाई, घरच्या बाईची बी. पडली तर किडे मरतात मनते. तो तुमच्या अंगणात आला हेच लय झालं. किड्यांपासून उठून आला तो."

"पण कशाला आला?"

"आपल्या घरून दरसाल त्याले नारळ जाते. नारळ गेला का त्याचा माल आपला. यंदा गेलाच नाई. मालक तर टांगलेला."

नारळाचं नवऱ्याने मला सांगितलं नव्हतं. वेदनेत त्याला सुचलं नसेल. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. भाऊ बरोबर. मी नारळ घेतला, नेहमीचं लुगडं नेसले आणि केसांचं वासाचं तेल टाळलं, म्हणजे उशिरा का होईना पण माझी अक्कल जागी झाली होती. भाऊ वाटेत दोनदा म्हणाले की आता कोसा निघाला असेल, तेल चाललं असतं.

ढिवरांच्या वस्तीवर पोचलो तर मोहाच्या झाडाखाली न्हावी बसलेला, आणि त्याच्या पुढ्यात केसांचे ढीग. पाच-सहा पुरुष तुळतुळीत, डोक्याला तेल, धुतलेली धोतरं नेसून बाजांवर पसरलेले. जणू लग्नाचं वऱ्हाड. माझा दाढीवाला त्यांत दिसेना. भाऊ बैल सोडत होते, त्यांची वाट न पाहता मी जवळच्या बाजेवरल्या माणसाला विचारलं, "इथं एक दाढीवाले राहतात ना? मला त्यांना भेटायचंय."

तो उठून बसला. "कोनता दाढीवाला, बाई? परवापर्यंत इथी समदेच दाढीवाले होते."

सगळे हसले.

"उंच. केस खांद्यापर्यंत."

"समद्याइचेच खांद्यापर्यंत. दिसाले कसा होता?"

"मान खाली घालून बोलत होते. भिंतीकडे पाहून."

"चोरावानी?"

आता तो माझ्या डोळ्यांत सरळ पाहत होता, आणि आवाज मी ओळखला. खोटं बोलून उपयोग नव्हता. "हो," मी म्हटलं, "मला तसंच वाटलं."

झोपडीच्या दारात त्याची बायको सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मले बी दोन महिने तसाच वाटते वो! रातच्याला जंगलातून आला का मी मनतो, कोन भूत आलं?" मग तर न्हावीही वस्तरा बाजूला ठेवून हसला. हसणं संपल्यावर त्या माणसाने बाजेवर जागा केली आणि मला बसायला सांगितलं.

"मले काऊन हाकललं, बाई?"

"कपडे आणि केस पाहून. चूक माझी."

"मी मालकाले पाहाले आलो होतो. पडला मनून आइकलं. नारळ नाई आला, मनलं माणूस आहे का गेला. तुमी तर सांगूनच नाई राह्यल्या."

मी त्याला सगळं सांगितलं. नवरा, इस्पितळ, टांगलेला पाय, दलालाची पोती, चार माग. त्याने नारळ घेतला, पण लगेच फोडला नाही.

"अर्धा माल दुसऱ्याच्या नारळाले देला. त्याचा नारळ आला, तुमचा नाई. दिलेला शब्द मी आता फिरवू नाई शकत."

"आणि अर्धा?"

"ठेवला आहे. मालक वाचला का नाई, समजल्याबिगर कसा देऊ दुसऱ्याले?"

बायकोने टोपली आणली. मी एक कोसा कानाशी धरून हलवला, अंगठ्याने दाबला, भोक आहे का पाहिलं. त्याने मला सगळी टोपली पाहू दिली. माल उत्तम होता आणि दोन मागांना पुरेल इतकाच होता. शेजारच्या बाजांवरल्यांचा माल आधीच गेला होता. मी विचारून पाहिलं, त्यांनी हात हलवले.

परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाले, दोघांना तरी पुरेल. मी म्हटलं, चौघे आहेत.

घरी आल्यावर मी चौघांना ओटीवर बसवलं आणि आहे ते सांगितलं: माल दोन मागांचा, पुढच्या पिकापर्यंत. कोणाचा माग थांबवायचा ते मी ठरवत नाही, तुम्ही ठरवा. त्यांनी दोन दिवस भांडून ठरवलं. सगळ्यांत धाकटा नागपूरला गेला. त्याच्या बायकोची बहीण तिथं होती. तो जाताना मी त्याला थांब म्हटलं नाही. थांबवून खायला काय घालणार होते?

पौषाच्या शेवटी नवरा कुबड्या घेऊन दारात गाडीतून उतरला तेव्हा दोन माग चालू होते. तिसरा विणकर कातणाऱ्या बायांत बसून मांडीवर सूत काढत होता. ते बायांचं काम, त्याचा धागा दर हातभराला तुटे, आणि बाया त्याला "ये वो माय, बस इथी" म्हणून छळत होत्या.