ताईंनी न विचारलेला प्रश्न

ताईंच्या कारखान्यात कामाला लागायचं तर दोन गोष्टी पाळाव्या लागत. पहिली, झाकण साच्यात अडकलं तर हात घालायचा नाही. मशीन बंद करायचं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायची आणि मगच चिमट्यानं झाकण काढायचं. दुसरी, कुणाची बोटं कशी गेली हे त्याला विचारायचं नाही. पहिली गोष्ट भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती. दुसरी कुठंच लिहिलेली नव्हती, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

कारखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल, त्यात पत्रा दाबून डब्यांची झाकणं करणारे सहा प्रेस, पलीकडे पॅकिंगची टेबलं आणि कोपऱ्यात एक काचेची खोली, तिला उगाच ऑफिस म्हणायचं. सगळे मिळून तेवीसजण. आजूबाजूचे लोक ताईंना झाकणवाल्या ताई म्हणत आणि त्यांना त्याचा राग येत नसे. रागवायला त्यांच्याकडे इतर कारणं भरपूर होती. कुणी बाहीचं बटण लावलं नाही, कुणी गळ्यात रुमाल लोंबता ठेवला, की त्यांचा आवाज असा चढायचा की शेजारच्या गॅरेजमधले मेकॅनिकसुद्धा आपापल्या बाह्या तपासायचे. प्रेस खाली यायचा तर दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागत, म्हणजे हात साच्यात राहायचा प्रश्नच नाही. एका हुशार माणसानं वेळ वाचवायला एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं होतं. ताईंनी त्याला आठवडाभर पॅकिंगला बसवून फक्त चिकटपट्ट्या लावायला लावल्या. पुन्हा कुणी असली हुशारी केली नाही.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. तेवीसजणांपैकी नऊजणांच्या हाताला बोटं कमी होती. कुणाचं एक, कुणाची तीन, एकाचा अख्खा अंगठा. त्यांतली बहुतेक बाहेरून तशीच आलेली माणसं होती, आणि त्याची सुरुवात पैलवानापासून झाली होती.

पैलवान हा काडीसारखा माणूस. वॉचमनची जागा आहे का विचारायला आला तेव्हा उजवा हात खिशातून बाहेर काढेना. बोलता बोलता त्याची नजर चार नंबरच्या प्रेसवर गेली आणि तो मधेच थांबला.

"बाई, ते मशीन या महिन्यात कुणाला तरी खाणार. जाळी वर बसलीय. हात आत जातोय."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तू वॉचमन व्हायला आलास की मालक? ताईंनी तिथल्या तिथं प्रेस बंद करायला लावला, पट्टी घेऊन फट मोजली आणि तशाच वळल्या. "वॉचमन नको. उद्यापासून मशीनवर या."

"मला मशीनवर कुणी घेत नाही," पैलवान म्हणाला, आणि हात खिशातून काढून दाखवला.

"म्हणून तर या म्हणतेय."

तेव्हापासून बोटं गमावलेल्या माणसाला इतर दारं बंद झाली, की तो ताईंच्या दारात उभा राहायचा. दुसरीकडे त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जायचा, कसं झालं रे? आणि लगेच त्याला जोडून, लक्ष कुठं होतं तुझं? विचारणाऱ्याला वाटतं आपण चौकशी करतोय. ऐकणाऱ्याला मात्र त्या एका प्रश्नात आपणच गुन्हेगार ठरल्याचं कळतं. ताईंनी हा प्रश्न कधी विचारला नाही. तुम्हाला काय दिसतं, एवढंच त्या विचारायच्या. नवीन मशीन आलं की नऊपैकी एकानं ते अर्धा दिवस नुसतं बघायचं. त्यानं मान डोलावली तर ते सुरू. नाही म्हणाला तर माल गेला खड्ड्यात, मशीन बंद. पैलवान आल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिथं कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं. अशी मालकीण लाखात एक, हे आम्ही नाही, सगळा रस्ता म्हणायचा.

या नऊजणांत सर्वांत जुने मास्तर. ताईंच्या वडिलांच्या काळापासूनचे. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत, आणि तरी नवीन माणसाला काम शिकवावं तर त्यांनीच. तेही विचारत नसत आणि त्यांनाही कुणी विचारत नसे.

ऑफिस सांभाळायची ताईंची भाची. कामगार खात्यातर्फे दरवर्षी सुरक्षित कामाच्या जागेबद्दल एका मालकाचा गौरव व्हायचा. भाचीनं मावशीला न सांगता त्याचा फॉर्म भरून टाकला. ताईंनी आधी तिला फैलावर घेतलं, मग मनातून हरखल्या आणि शेवटी सगळ्यांना दोन वेळा हॉल झाडायला लावला.

परीक्षक सकाळी अकराला आले. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांची एक पद्धत होती. कागद ते नंतर बघत. आधी प्रत्येक कामगाराशी हात मिळवत. कागद खोटं बोलतात, हात बोलत नाहीत, हा त्यांचा अनुभव. पहिल्या पाच-सहा हातांपर्यंत ते हसत होते. मग हसू मावळलं. तेविसावा हात सोडला तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

ऑफिसात येऊन त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "बाई, इथं लिहिलंय, अपघात शून्य. आणि मी आत्ता नऊ तुटलेले हात हातात घेतले."

भाचीनं फॉर्म ओढून पुन्हा वाचायला घेतला. ताई शांतपणे म्हणाल्या, "माणसं इथं आली तीच अशी."

"कुठं झाले हे अपघात? कधी?"

"ते मी विचारलेलं नाही."

"तुम्ही कामावर घेताना विचारलंच नाही?"

"नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. असली उत्तरं त्यांनी लबाड मालकांच्या तोंडून शेकड्यानं ऐकली होती. "मग मला अपघात लपवल्याचा संशय लिहावा लागेल," ते म्हणाले. "पुरस्कार राहू द्या. चौकशी होईल. ती संपेपर्यंत मशीनं बंद ठेवायला सांगतील."

ते फोन करायला बाहेर गेले तशी भाची कळवळली. "मावशी, एकेकाला आत बोलव ना. दोन मिनिटांचं काम. कुठं झालं ते सांगितलं की संपलं."

"नाही."

"अगं, कारखाना बंद पडेल!"

"पडू दे. या दारातून आत घेताना मी त्यांना शब्द दिलाय. मला अडचण आली की मोडायचा, तो कसला शब्द?" ताईंचा आवाज चढला नाही, हे बघूनच भाचीनं हट्ट सोडला.

पण काचेची खोली ती, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आपण मुकाट राहिलो तर ताईंच्या तोंडाला काळं लागणार, हे समजायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. सगळ्यांत आधी पैलवान उठला. त्यानं आपल्या प्रेसची किल्ली काढून खिशात टाकली आणि फोन करून परतलेल्या परीक्षकांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझी तीन. लाकडाच्या वखारीत, करवतीवर. मालक म्हणाला, झोप झाली नव्हती का? नव्हतीच झाली. सलग दुसरी पाळी होती."

ताई खोलीतून तीरासारख्या बाहेर आल्या. "पैलवान, काही गरज नाही सांगायची!"

"तुम्ही विचारलं नाहीत ताई. मी आपणहून सांगतोय."

मग अंगठा नसलेला आला. त्याचा अंगठा बर्फाच्या कारखान्यात साखळीत गेला होता. मग छापखान्यातला आला. पॅकिंगमधली बाई आली, तिला अपघातापेक्षा त्यानंतर सासूनं घेतलेल्या तोंडसुखाचाच राग जास्त होता, आणि तिनं तो साहेबांपुढे पोटभर काढला. एकेक करत आठजण बोलले. जागा सांगितली, वर्ष सांगितलं. परीक्षक लिहीत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा माणसासारखा होत होता. ताई मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि डोळे पुसायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

उरले मास्तर.

"माझी होय?" मास्तर खाकरले. "गावाकडं गेली. चारा कापायच्या मशीनमध्ये. फार जुनी गोष्ट."

परीक्षकांनी लिहायला पेन टेकवलं. सुटलो, असं म्हणत भाचीनं श्वास सोडला. तेवढ्यात ताई पुढे आल्या.

"मास्तर, पुरे. साहेब, ते लिहू नका. खोटं आहे."

"ताई, तुम्ही गप्प बसा हो," मास्तर कळवळून म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मालकिणीला गप्प बसायला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"ही बोटं इथं गेली," ताई म्हणाल्या. "दोन नंबरच्या प्रेसवर, बत्तीस वर्षांपूर्वी. मी तेवीस वर्षांची होते, वडिलांच्या हाताखाली. दुपारी माल पाठवायचा होता आणि मला घाई झाली होती. झाकण अडकलं म्हणून यांनी हात घातला. तेव्हा बटणं नव्हती, पायाखाली पेडल असायचं. पाय माझा होता. मला वाटलं, काढला हात. मी बघितलं नाही, साहेब. नुसतं वाटलं. वडिलांनी कुठं नोंद होऊ दिली नाही आणि मीही तोंड उघडलं नाही."

हॉलमध्ये सहाही प्रेस बंद होते. भाची मावशीकडे बघतच राहिली. किल्ली स्वतःच्याच खिशात का टाकायची, हा नियम तिनं लहानपणापासून ऐकला होता. तो आला कुठून, हे तिला आज कळलं.

"हे बत्तीस वर्षांपूर्वीचं आहे," परीक्षक म्हणाले. "फॉर्ममध्ये फक्त पाच वर्षांचं विचारलंय. तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं."

"फॉर्मचं भागत असेल पाच वर्षांत. माझं नाही भागत."

परीक्षकांनी फॉर्म मिटला. पुरस्कार त्या वर्षी ताईंनाच मिळाला, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. शिफारशीत त्यांनी आठजणांच्या जबान्या जोडल्या, आणि नववी गोष्टही, ताईंनी सांगितली तशीच्या तशी.

मास्तर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परीक्षक गाडीपाशी घुटमळले. त्यांना राहवेना.

"मास्तर, तुमच्यासारख्या कारागिराला तेव्हा आणखी कुठंतरी काम मिळालं असतं. जिच्या पायामुळे बोटं गेली, तिच्याकडेच राहिलात? राग नाही आला?"

"आला की. वर्षभर बोललो नव्हतो तिच्याशी," मास्तर म्हणाले. "पण साहेब, मी निघून गेलो असतो, तर हा हात तिला रोज कुणी दाखवला असता?"